दवाखान्याचा फीडर

दाराशेजारच्या भिंतीवर काडेपेटीएवढा एक मीटर होता. गेले दोन दिवस ते गृहस्थ त्याच्याकडे इतक्या वेळा बघत होते, की नव्या नवरीकडेही त्यांनी तेवढं बघितलं नसेल. मीटरवर चौतीस टक्के दिसत होते. मघाशी पस्तीस होते. त्यांनी काचेवर टिचकी मारली आणि चांगला मोठ्यानं उसासा टाकला.

"किती?" पलंगावरून बायकोनं विचारलं.

"चौतीस."

"म्हणजे कमीच झाले."

"कमीच होणार. ऊन नाही, इंजिन चार्ज करत नाही, मग वाढणार कुठून?"

"बरं बाई, विचारलं ते चुकलं. लोडशेडिंगसाहेब तापले."

लोडशेडिंग हे बायकोनं ठेवलेलं नाव. एकतीस वर्षं ते वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षात होते. वीज कमी पडली की कोणत्या भागाची किती वाजता बंद करायची, हे ते ठरवत. अर्ध्या शहराच्या शिव्या त्यांनी कानावर न येता खाल्ल्या होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही जुनी मोटारहोम घेतली. मागे पलंग, मधे ओटा आणि फ्रिज, कोपऱ्यात माणूस जेमतेम वळेल एवढं न्हाणीघर, छपरावर चार सोलर पॅनेल आणि पलंगाखाली एक भलीमोठी बॅटरी. शहराचा कारभार गेला आणि एका खोलीचा हाती आला, पण रुबाबात तसूभर फरक पडला नाही.

बॅटरीशेजारच्या खणात या घरातलं सगळ्यात महत्त्वाचं यंत्र होतं. बायकोनं सूतगिरणीत तीस वर्षं सूत तपासलं होतं आणि तेवढी वर्षं कापसाची धूळ छातीत साठवली होती. आता तिला नुसती हवा पुरत नव्हती. ते यंत्र हवेतून प्राणवायू वेगळा काढायचं आणि बारीक नळीनं तिच्या नाकात सोडायचं. दर श्वासाला "फुस्" असा आवाज यायचा. डॉक्टरांनी प्रवासाची परवानगी नाखुशीनंच दिली होती. सपाटीवर दिवसाचे सोळा तास आणि उंचावर गेलात तर वीस तास यंत्र चालू हवं, असं त्यांनी दोनदा बजावलं होतं. पण मुलगी डोंगरापलीकडच्या गावात राहत होती, नात चार महिन्यांची झाली होती आणि आजीनं तिला अजून मांडीवर घेतलेलं नव्हतं. बसमध्ये यंत्र चालेना, विमानवाले घेईनात. म्हणून ही गाडी.

आणि गाडी नेमकी डोंगराच्या माथ्यावर अडकली. पुढे दरड कोसळली, दोन तासांनी मागेही कोसळली. पोलिसांनी दहाबारा वाहनं एका बंद पेट्रोल पंपाच्या मोकळ्या आवारात उभी करून ठेवली. विजेचे खांबही आडवे झाले होते. फोनला एखादी काडी यायची आणि बोलायच्या आत जायची. वर ढग असे दाटले होते, की दुपारी बाराला दिवा लावावासा वाटावा, आणि दिवा तर लावायचा नव्हता. त्यात दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी इंजिन चालू केलं तर मीटर जागचा हलेना. इंजिनावरून घराची बॅटरी भरणारा रिले चढणीवर जळून गेला होता. काळा पडलेला तो तुकडा हातात घेऊन ते बराच वेळ उभे राहिले. बायकोला मात्र त्यांनी एवढंच सांगितलं, की जरा जपून वापरायला हवं.

मग ते आपल्या जुन्या कामाला लागले. वहीचं नवं पान काढून त्यांनी काय आधी तोडायचं आणि काय शेवटी, याची यादी केली. आधी पाणी तापवायचं यंत्र, मग पंखा, मग फ्रिज, मग पाण्याचा पंप. तोंड धुवायला तांब्यानं पाणी घ्यायचं. यादीच्या तळाशी "प्राणवायू यंत्र" असं लिहून त्यांनी त्याखाली दोन रेघा मारल्या. नियंत्रण कक्षात भिंतीएवढ्या नकाशावर शहराच्या प्रत्येक भागाला वीज नेणारी वेगळी तार, म्हणजे फीडर, दाखवलेली असायची. त्यात दवाखान्याचा फीडर लाल रंगाचा. मंत्र्याच्या घरची वीज गेली तरी चालेल, पण लाल फीडर तोडायचा नाही. नोकरीतल्या नवख्यांना ते हे पहिल्याच दिवशी शिकवायचे आणि बायकोला त्यांनी ते इतक्या वेळा सांगितलं होतं, की तीही कंटाळून मान डोलवायची.

आता त्यांची एक गुपित गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच येऊन ठेपलं.

मीटर खोटं बोलत होता. बिघडलेला नव्हता, त्यांनीच त्याला तसं शिकवलं होतं. तीन महिन्यांपूर्वी, पहिल्याच सफरीत, बायकोनं त्यांच्या सगळ्या सदऱ्यांना कडक इस्त्री केली. जन्मभर कापडात वावरलेली बाई, सुरकुती तिला बघवत नसे. इस्त्रीनं बॅटरी अशी झोपवली, की संध्याकाळी यंत्र पीं पीं करून ओरडायला लागलं. त्या दिवशी त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ती झोपल्यावर त्यांनी मीटरच्या सेटिंगमध्ये जाऊन तीनशे अँपिअर-तासांच्या बॅटरीला दोनशेची करून टाकलं. म्हणजे मीटर शून्यावर आला तरी आत एक तृतीयांश शिल्लक. बायको आकडा बघून हात आखडता घेईल आणि खरी शिल्लक त्यांच्या एकट्याच्या डोक्यात राहील. चौतीस दिसत होते, खरे होते छप्पन्न.

यात आपण काही वाईट केलं असं त्यांना वाटत नव्हतं. घरातलं घड्याळही त्यांनी लग्नापासून दहा मिनिटं पुढे ठेवलं होतं. गाडीत ओट्यावर लावलेलं घड्याळही पुढेच होतं. ते पुढे आहे हे बायकोला माहीत होतं, तिला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं, आणि तरी दोघं वेळेवर पोचायचे. मीटरचंही तसंच, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं. फक्त ते तिला सांगायचं राहून गेलं होतं, इतकंच.

"बोटाचा आकडा?" वही उघडून त्यांनी विचारलं. रक्तातला प्राणवायू मोजणारा चिमटा तिच्या उशाशी असायचा.

"मघाशीच बघितला. एक्क्याण्णव."

त्यांनी एक्क्याण्णव लिहिलं. "मी जरा पॅनेल पुसून येतो. धुकं बसलंय त्यांच्यावर. आणि त्या फळांच्या ट्रकवाल्याला विचारतो, त्याच्याकडे जनरेटर आहे."

"कालपासून विचारतो विचारतो चाललंय. माणूस काय खाणार आहे का तुम्हाला?"

"विचारतो म्हणलं ना."

"या मग. मी आहे इथंच, कुठं पळून जाते."

कालपासून नुसतं विचारतो विचारतो चाललंय, हे खरंच होतं. काल दुपारी ट्रकच्या दारापर्यंत जाऊन ते परत आले होते. जन्मभर ज्यानं लोकांची वीज ठरवली, त्यानं परक्या दारात उभं राहून वायरभर वीज मागायची, हे त्यांच्या गळ्याखाली उतरत नव्हतं. शिवाय बावीस टक्के अजून पोटात लपलेले होतेच.

आधी ते शिडीनं छपरावर चढले. दर तासाला ते हेच करत होते. ओल्या फडक्यानं चारही पॅनेल पुसायची, मग कोरड्यानं, मग आकाशाकडे बघून मनातल्या मनात चार शब्द बोलायचे. यातून फार तर एक-दोन अँपिअर मिळत. पण हातावर हात ठेवून बसलं की त्यांचा जीव आणखी टांगणीला लागायचा. वीस मिनिटांनी ते खाली उतरले आणि या वेळी मात्र मन घट्ट करून ट्रककडे गेले.

ट्रकवाला चाळिशीचा, गळ्यात मफलर गुंडाळलेला, पायरीवर बसून चहा पीत होता. त्याच्या पाठीमागे शीतपेटीचं मशीन घरघरत होतं. आत द्राक्षं होती आणि ती द्राक्षं त्याच्या जिवाला घोर लावून बसली होती.

"या काका. काकू कशा आहेत? बाहेर दिसल्या नाहीत."

"आत आहे. तिला मशीन लागतं श्वासाचं." मग एका दमात, डोळे जमिनीकडे लावून त्यांनी सांगून टाकलं, "तुमच्या जनरेटरवरून एक वायर मिळाली असती तर बरं झालं असतं."

"अहो, मग कालच नाही का सांगायचं! घ्या की. पन्नास मीटरची वायर आहे माझ्याकडे." तो कप बाजूला ठेवून उठलासुद्धा. "किती उरलीय बॅटरी?"

इतकं सोपं होतं. लोडशेडिंगसाहेबांना एकदम हलकं वाटलं, आणि हलकं वाटलं की ते बोलायला लागायचे. खिशातली वही काढून त्यांनी ट्रकवाल्यापुढे धरली.

"हे बघा. परवा दुपारपासूनचा हिशोब. मशीन तासाला पाच अँपिअर घेतं, दिवसाचे वीस तास. बाकीचं किरकोळ. ऊन जवळपास नाहीच. म्हणजे आत्ता मीटरवर पंधरा दिसायला हवे होते. दिसताहेत चौतीस! फ्रिज बंद केला, पंप बंद केला. नियोजन म्हणतात याला."

ट्रकवाल्यानं वहीकडे बघितलं, पण त्याचा चेहरा काही खुलला नाही.

"फ्रिज या हिशोबात धरला होता का काका?"

"नाही. तो आधीच बंद केला होता."

"मग वाचलं कशातून?"

"आता... थोडं ऊन मिळालं असेल."

"असेल." त्यानं मान खाजवली. "राग मानू नका, पण मला शिल्लक राहिली की भीती वाटते. एकदा मासळी नेत होतो. मुक्कामाला पोचलो तर डिझेल हिशोबापेक्षा बरंच उरलेलं. मी खूश! म्हणलं, बघा, कसा चालवतो मी. दार उघडलं तर वास. शीतपेटी वाटेतच बंद पडली होती. डिझेल त्यामुळे वाचलं होतं."

लोडशेडिंगसाहेबांच्या हातातली वही तशीच राहिली.

हे तर ते स्वतः शिकवत असत. लोड वाढला तर घाबरू नका, कारण दिसतं. पण कुणी न तोडता लोड खाली आला तर खुर्चीतून उठा. कुठंतरी अंधार झालेला असतो. मीटरच्या दोनशेतले एकोणीस टक्के म्हणजे अडतीस अँपिअर-तास, आणि तासाला पाच. सात तास. दोन दिवसांत निदान सात तास यंत्र चाललंच नव्हतं. दर तासाला ते छपरावर होते, आणि खाली काय चाललंय ते त्यांना दिसत नव्हतं.

ते पळत सुटले. सदुसष्टाव्या वर्षी, विरळ हवेत, एक चप्पल मागे टाकून ते पळाले.

त्यांनी दार ओढलं. गाडीच्या पायरीचा करकर आवाज नेहमी आधी आत पोचायचा, आणि ते आत येईपर्यंत "फुस् फुस्" ऐकू यायला लागलेलं असायचं. या वेळी आत काहीच वाजत नव्हतं. बायको पलंगावर कुशीला पडली होती. नळी नाकात जिथल्या तिथे होती. यंत्राचा हिरवा दिवा विझलेला होता. तिचा हात खणाकडे, बटणाच्या दिशेनं लांब केलेला होता आणि चार बोटं कमी पडून तसाच खाली लोंबत होता. ओठ जांभळे, नखं जांभळी.

"अगं! अगं ए!"

त्यांनी बटण दाबलं, काटा दोनवरून तीनवर नेला, तिला उचलून भिंतीला टेकवून बसवलं. बोटाला चिमटा तिसऱ्या खेपेला लागला. अठ्ठ्याहत्तर. वहीत अर्ध्या तासापूर्वीचं एक्क्याण्णव त्यांच्याच सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं.

नोकरीत त्यांनी एका पोराला काढून टाकायला लावलं होतं. गुन्हा एवढाच, की त्यानं मीटरजवळ न जाता वहीत आकडा भरला होता. त्याच्या आईनं येऊन हात जोडले तरी ते बधले नव्हते. आज वीस वर्षांनी त्या पोराचा चेहरा त्यांना लख्ख आठवला.

"श्वास घे. नाकानं. हळू. अजून एक."

फुस्. फुस्. ऐंशी झाले. मग बराच वेळ ऐंशीच राहिले. ब्याऐंशी. चौऱ्याऐंशी. तिच्या ओठांवर थोडा रंग दिसायला लागला तेव्हा तिनं डोळे उघडले आणि पहिल्यांदा कुठं बघितलं असेल, तर मीटरकडे.

"तीनवर... नका ठेवू," ती म्हणाली. "चौतीसच राहिलेत."

"राहू देत! बंद का केलंस तू?"

"तुम्ही सगळं तोडून बसलात. फ्रिज, पंखा, पंप. मग तोडायला उरलं काय?" ती दोन श्वास थांबली. "सारखे उसासे टाकत होतात. तुमचा चेहरा बघवेना. म्हणलं, तुम्ही वर असलात की थोडं बंद ठेवावं. पडून राहिलं की चालतं मला. आज जरा डोळा लागला."

"आणि एक्क्याण्णव?"

"मशीन लावून बघितला की येतो एक्क्याण्णव."

ते पलंगाच्या कडेवर बसले. हे उसासे त्यांनी मुद्दाम टाकले होते. तिनं दिवा लावू नये, तिनं इस्त्रीकडे बघू नये म्हणून.

"अगं, ते चौतीस नाहीत. छप्पन्न आहेत."

तिनं परत मीटरकडे बघितलं. "बिघडला का?"

हो म्हणायला एक अक्षर पुरलं असतं. ते त्यांच्या जिभेवरही आलं होतं.

"नाही," ते म्हणाले. "मी केलंय ते. त्या इस्त्रीनंतर. कमी दाखवतो तो. तू जपून वापरावंस म्हणून."

यंत्र तिच्या वतीनं बोलत राहिलं, फुस्, फुस्. ती रागावली असती, तिनं नेहमीसारखे त्यांच्या नावानं खडे फोडले असते, तर त्यांना बरं वाटलं असतं.

"मला वाटलं," ते चाचरत म्हणाले, "घड्याळासारखंच आहे. तुझ्या लक्षात आलं असेल."

"कसं येणार?" ती हळूच म्हणाली. "घड्याळाच्या बाबतीत तुम्ही लबाड आहात, हे माहीतच आहे मला. दहा मिनिटं मी रोज वजा करते. पण विजेत तुम्ही कधी खोटं सांगणार नाही, असं मी सगळ्या जगाला सांगत आले. पोरगी नको म्हणत होती, नका येऊ, आई, वाटेत काही झालं तर. तिलासुद्धा म्हणलं, बाबा आहेत बरोबर, वीज कमी पडणार नाही. मग तुमचा आकडा मी कशाला तपासू?"

लोडशेडिंगसाहेबांनी दोन्ही हातांत तोंड लपवलं आणि ते रडायला लागले. आवाज न करता रडायचा प्रयत्न त्यांना जमला नाही.

"काका," दारातून ट्रकवाल्याचा आवाज आला. एका खांद्यावर वायरचं वेटोळं, दुसऱ्या हातात त्यांची चप्पल. आत नजर जाताच तो जमिनीकडे बघत म्हणाला, "कुठं जोडू?"

"मागच्या चाकापाशी झाकण आहे," बायकोच म्हणाली. "त्याच्या आत."

पाच मिनिटांत जनरेटरची वीज आली. चार्जर गुणगुणायला लागला. बोटाचा आकडा सत्त्याऐंशीवर स्थिरावला. ते उठले, मीटरची तीन बटणं ठरावीक क्रमानं दाबली आणि दोनशेचे पुन्हा तीनशे केले. चौतीसच्या जागी सत्तावन्न आले. मघाच्या छप्पन्नात जनरेटरचा एक मिळाला होता.

"सत्तावन्न," ते तिला म्हणाले. "खरे."

बायकोनं मान हलवली. मग दारातल्या ट्रकवाल्याला म्हणाली, "भाऊ, जरा तुम्ही बघता का किती आहेत ते?"

ट्रकवाला अवघडला. त्यानं एकदा काकांकडे बघितलं, एकदा मीटरकडे. "सत्तावन्नच आहेत काकू," तो म्हणाला आणि चप्पल पायरीवर ठेवून निघून गेला.

वही उघडून त्यांनी पेन हातात घेतलं. बायकोनं आकडा तोंडानं सांगितला नाही. चिमटा लावलेलं बोट तिनं त्यांच्या डोळ्यांपुढे धरलं.

"बघून लिहा."

त्यांनी बघून अठ्ठ्याऐंशी लिहिलं. मग सकाळच्या एक्क्याण्णववर रेघ मारली, कालचे दोन आकडे होते त्यांच्यावरही मारली, आणि वेळ लिहायला म्हणून घड्याळाकडे मान वळवली. अकरा पन्नास. म्हणजे अकरा चाळीस. त्यांनी वही खाली ठेवली, उठून ओट्यावरचं घड्याळ खिळ्यावरून काढलं आणि मागची किल्ली फिरवायला लागले.

"ते राहू द्या," पलंगावरून बायको म्हणाली. "ते मला माहीत आहे."

घड्याळाची किल्ली फिरली होती तेवढी त्यांनी उलटी फिरवली. मग त्यांनी ते होतं तसं परत खिळ्याला लावलं.